जबडा सरळ करायच्या ऑपरेशनचा पेशंट: सिस्टर-ब्रदरनी मानसिक आधार कधी, कसा आणि कुठल्या क्रमानं द्यायचा

मिरज-सांगलीकडं जबडा सरळ करायच्या, म्हणजे हाड कापून, सरकवून नीट बसवायच्या ऑपरेशनचे पेशंट बऱ्यापैकी येतात, आणि वॉर्डात नवीन लागलेल्या पोरी-पोरं एक चूक हमखास करतात. पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रडायला लागला की मग जाऊन पाठीवर हात ठेवतात, "काही नाही होत गं, बरी होशील" म्हणतात आणि परत सलाईन बदलायला जातात. हेतू चांगला असतो पण तोवर उशीर झालेला असतो. या पेशंटला आधार द्यायचा म्हणजे पुढं काय होणारंय ते होण्याआधी, त्याला झेपेल तेवढंच, खरं सांगायचं आणि तोंड बंद असताना त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचायची सोय करून ठेवायची. यातलं अर्ध काम ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळीच होतं.

अजून एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. गाडीवरनं पडून जबडा मोडलेला पेशंट आणि हा पेशंट वेगळा. मोडलेल्याला त्याचाच चेहरा परत मिळणार असतो. हा माणूस चालत-बोलत, धडधाकट आलेला असतो, वर्ष-दीड वर्ष दाताला तारा लावून या दिवसाची वाट बघितलेली असते आणि ऑपरेशननंतर आरशात वेगळाच माणूस दिसतो. त्यामुळं दुखायला लागलं की याच्या मनात पहिला विचार येतो, "हे मी स्वतःच करून घेतलं." हा अपराधीपणा तोंडानं कुणी सांगत नाही, तो आपण ओळखायचा असतो.

## १. आधी आपली तयारी

केस पेपर नीट वाचा. वरचा जबडा, खालचा जबडा की दोन्ही? हनुवटी पण सरकवणार आहेत का? नंतर दात तारेनं घट्ट बांधणार आहेत की नुसते रबर लावणार आहेत? हल्ली बहुतेक ठिकाणी हाड टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रूनं बसवतात आणि वरून रबर लावतात, त्यामुळं तोंड थोडंफार उघडतं, पण काही केसमध्ये तार बांधतातच. हे माहिती नसताना पेशंटला "तोंड पूर्ण बंद राहणार" किंवा "बोलता येईल की" असं सांगितलं आणि उलटं निघालं तर पुढं तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही.

बेडजवळ काय पाहिजे ते आदल्या दिवशीच जमवा:

- पाटी किंवा जाड वही आणि मार्कर (बॉलपेन नको, झोपून लिहिताना चालत नाही)
- हाताला लागेल अशी बेल
- पेशंटचा चष्मा
- सक्शन (तोंडातली लाळ-रक्त ओढून काढायचं मशीन), चालू करून बघितलेलं
- पाजायची सिरींज आणि पुढची मऊ नळी
- ओठाला लावायला व्हॅसलीन, दोन-तीन मऊ नॅपकिन
- तार बांधणार असतील तर वायर कटर, बेडच्या डोक्याशी दिसेल असा टांगून

मग भाषा. आपल्याकडं जत, कवठेमहांकाळपासून ते पार अथणी, जमखंडीपर्यंतचे पेशंट येतात, कुणाला कन्नड सोडून काही येत नाही, कुणी घरी दख्खनी बोलतं. कुणाला लिहिता येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. म्हणून सरळ "लिहिता येतं का" विचारू नका, पाटी हातात देऊन "नाव लिहून बघा बरं, मार्कर चालतोय का" म्हणा, कळतं. लिहिता येत नसेल तर चित्रांचं कार्ड करा. पाणी, दुखतंय, लघवी, श्वास, उलटी, थंडी, आईला बोलवा. सात चित्रं पुरतात.

तपासा: पेशंट कुठल्या हातानं लिहितो? सलाईनची सुई दुसऱ्या हाताला लागली पाहिजे. ही गोष्ट ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कुणी विचारत नाही, म्हणून केस पेपरवर मोठ्या अक्षरात लिहा. उजव्या हाताला सुई लावून आलेला आणि पाटीवर रेघोट्या ओढत रडणारा पेशंट मी बघितलाय, त्याला एवढंच सांगायचं होतं की कॅथेटरजवळ (लघवीच्या नळीजवळ) आग होतेय.

## २. ॲडमिशनची संध्याकाळ: आधी ऐका

खुर्ची ओढून बसा. उभ्यानं, हातात ट्रे घेऊन हे बोलणं होत नाही. पंधरा-वीस मिनिटं लागतात, संध्याकाळच्या औषधानंतर काढा.

पहिला प्रश्न एकच: "हे ऑपरेशन कशासाठी करून घेताय?" आणि मग गप्प बसा. कुणी सांगेल भाकरीचा तुकडा तोडता येत नाही, कुणी सांगेल बोलताना शब्द निसटतात, कुणी सांगेल शाळेपासून चिडवतात. बऱ्याच मुली वीस-बावीसच्या असतात, घरात स्थळं बघायला चालू झालेलं असतं. त्यात वाईट काही नाही, तोंडावर "दिसण्यासाठी एवढं ऑपरेशन?" असा भाव आणू नका. ज्यानं दहा वर्षं फोटोत तोंडावर हात धरलाय त्याचं दुखणं खरंच असतं.

मग नातेवाइकांना दहा मिनिटं चहाला पाठवा आणि एकट्याला विचारा: तुमची स्वतःची इच्छा आहे ना? आधी कधी मन खूप उदास होतं का, त्यासाठी गोळ्या चालू होत्या का? झोप लागते का? ऑपरेशननंतर काय बदलेल असं वाटतं?

खालचं काही कानावर आलं तर त्याच संध्याकाळी सर्जनना सांगा, सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका:

- "घरचे म्हणतात म्हणून करतेय"
- "हे झालं की लग्न जमेल", "नवरा परत येईल" अशी सगळी भिस्त या एकाच गोष्टीवर
- दुसऱ्याला दिसतही नाही अशा बारीक खोटीचा दिवसभर विचार, तासन्‌तास आरसा, त्यासाठी आधी दोन-तीन ठिकाणी काहीतरी करून घेतलेलं
- आधीचं डिप्रेशन किंवा स्वतःला इजा केल्याचा इतिहास

ऑपरेशन करायचं की नाही हा निर्णय आपला नाही आणि पेशंटला "मग नका करू" असं सांगायचा अधिकार पण आपला नाही. आपलं काम ते वर पोचवणं.

अजून एक प्रश्न विचारायचा राहतो: "भेटायला येणाऱ्यांना काय सांगायचं?" आपल्याकडं बऱ्याच घरात हे ऑपरेशन लपवतात, गावात "सायनसचं आहे" म्हणून सांगितलेलं असतं. ते बरोबर की चूक यात आपण पडायचं नाही. पेशंटनं जे ठरवलंय ते सगळ्या शिफ्टला कळवायचं, वॉर्डातल्या मावशी-मामांना (आया-वॉर्डबॉयना) सुद्धा, नाहीतर दारातच कुणीतरी मोठ्यानं बोलून जातं.

## ३. मग सांगा: क्रमानं आणि करून दाखवून

सगळ्यात जास्त गडबड इथं होते. एक तर काहीच सांगत नाहीत, नाहीतर एका दमात सगळं. कॉम्प्लिकेशनची यादी आणि कन्सेंट हे सर्जनचं काम. आपण सांगायचं ते पेशंटला काय वाटेल, काय दिसेल, आणि ते वेळेच्या क्रमानं.

"जाग येईल तेव्हा नाक चोंदलेलं वाटेल, कारण भुलीची नळी नाकातून घालतात. श्वास चालू असेल, पण कोंडल्यासारखं वाटेल. त्यावेळी मी किंवा दुसऱ्या सिस्टर तिथंच असणार. लाळेत, नाकातून थोडं रक्त येईल. ओठ आणि हनुवटी बधिर असेल, दात काढताना इंजेक्शन दिल्यावर होते तशी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढणार, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी चेहरा जास्त सुजलेला दिसणार, तेव्हा बिघडलं असं समजू नका. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यात उतरते, राहिलेली बारीक सूज जायला काही महिने लागतात. पहिले साधारण दोन आठवडे पातळ, मग सहा आठवड्यापर्यंत मऊ."

एवढं बोलून झालं की थांबा आणि त्यांनाच सांगायला लावा: "तिसऱ्या दिवशी काय होणारंय, सांगा बघू?" मान हलवणं म्हणजे समजणं नाही.

नंतर रंगीत तालीम करा, खरोखर करा:

- तोंड मिटून, दात घट्ट ठेवून नाकानं आणि दातांच्या फटीतनं पाच मिनिटं श्वास
- सिरींजनं गालाच्या कडेनं थोडं पाणी
- खुणा: अंगठा वर म्हणजे हो, मूठ म्हणजे नाही, छातीवर हात म्हणजे श्वासाचा त्रास, बोटं दाखवून दुखणं किती ते
- बेल दाबून बघणं

विट्याकडच्या एका मुलानं मला नंतर पाटीवर लिहून दाखवलं होतं, "रात्री तेच पाच मिनिट आठवलं". बाकी मी त्याला काय काय सांगितलं होतं त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

थांबा: पेशंट फार घाबरलेला असेल तर सगळं एका संध्याकाळी सांगू नका. जाग येतानाचं आणि पहिल्या रात्रीचं तेवढं सांगा, सूज आणि खाण्याचं बाकीचं नंतर.

## ४. नातेवाईक: वेगळे बसवून

पेशंटला सगळं समजावून ठेवतो आणि आई आत येते, तोंड बघून "काय करून घेतलंस गं बाई हे" म्हणून हंबरडा फोडते. झालं, संध्याकाळची सगळी मेहनत गेली. पेशंटचा पहिला आरसा हा आईचा चेहरा असतो.

म्हणून पेशंटच्या आई-वडिलांना आदल्या दिवशी सांगा की किती सुजेल, डोळे बारीक होतील, रक्ताची लाळ गळेल. रडू येणार, ते साहजिक आहे, पण आधी बाहेर रडून घ्या आणि मग आत या. आत आल्यावर चेहऱ्याबद्दल काही बोलू नका, हात धरा, घरचं काहीतरी सांगा, म्हैस व्याली, द्राक्षाचं औषध मारून झालं, काहीही.

दोन नियम कडक ठेवा. एक, फोटो काढून व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचा नाही, व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवायचा नाही, पेशंट स्वतः म्हणेपर्यंत. दोन, बेडशेजारी बसून खायचं नाही. भडंगाचा पुडा उघडून चार जण गप्पा मारत खात बसतात आणि पेशंट भिंतीकडं तोंड करतो. त्यांच्या लक्षात येत नाही एवढंच, सांगितलं की लगेच ऐकतात.

## ५. ओटीला जाताना

थोडक्यात: पाटी, मार्कर, चष्मा आणि चित्रांचं कार्ड पिशवीत घालून पेशंटबरोबर पाठवा आणि रिकव्हरीच्या (शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीतल्या) सिस्टरना खुणा सांगा. आपण शिकवलेल्या खुणा तिथं कुणाला माहितीच नसल्या तर उपयोग काय. जाताना "घाबरू नका" म्हणण्यापेक्षा "संध्याकाळी माझीच ड्यूटी आहे, मी असणार" हे चालतं, पण खरंच असणार असाल तरच म्हणा.

## ६. जाग येताना आणि पहिली रात्र

इथला क्रम उलटा करू नका: आधी श्वास, मग धीर.

पेशंट तळमळतोय, हात मारतोय, उठून बसायला बघतोय, तर "घाबरलाय" असं गृहीत धरू नका. ऑक्सिजन कमी पडला की माणूस असाच वागतो. सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघा, तोंडातलं-नाकातलं सक्शन करा, डोकं साधारण ३० अंशावर वर आहे का बघा, मान-जिभेखाली सूज वाढतेय का बघा. सॅच्युरेशन घसरतंय, घरघर येतेय किंवा ताजं रक्त सारखं येतंय तर लगेच डॉक्टर. झोपेचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं नाही, डॉक्टरनी श्वासाचं बघितल्याशिवाय नाही.

इशारा: तार बांधलेली असेल तर कुठल्या तारा तोडायच्या ते सर्जनकडनं चित्र काढून घ्या आणि बेडला लावा. आणीबाणीत विचारायला वेळ नसतो. उलटी आली तर उठवून पुढं वाकवा किंवा कुशीवर करा आणि सक्शन, पातळ उलटी दातांच्या फटीतनं, गालाच्या कडेनं बाहेर येते. हे पेशंटला आदल्या दिवशी सांगितलेलं असलं तर तो निम्माच घाबरतो.

श्वासाचं सगळं ठीक आहे हे बघितल्यावर मग बोला. चेहऱ्यासमोर या म्हणजे त्याला मान वळवायला लागणार नाही. नाव घेऊन: "ऑपरेशन झालं. तुम्ही रिकव्हरीत आहात. श्वास नीट चाललाय, मशीनवर मला दिसतोय. नाक चोंदलंय ते काल बोललो तसंच." मग त्याच्याबरोबर स्वतः हळू श्वास घ्या. चार-पाच श्वासात लय मिळते बहुतेकांना.

प्रश्न एका वेळी एकच, हो-नाहीचा. "दुखतंय का की थंडी वाजतेय का पाणी पाहिजे?" याला मूठ दाखवायची की अंगठा? मोठ्यानं ओरडून पण बोलू नका, त्याचं तोंड बंद आहे, कान चांगले आहेत. पाटीवर लिहीत असेल तर पूर्ण लिहू द्या, मधेच अंदाज करून वाक्य पुरं करू नका, फार चिडचिड होते त्यानं.

रात्रीत ठरावीक वेळानं जा, बेलची वाट बघू नका. "अर्ध्या तासानं येते" म्हटलं तर अर्ध्या तासानंच जा.

## ७. दुसरा-तिसरा दिवस: सूज, आरसा, रडू

सूज ४८ ते ७२ तासात सगळ्यात जास्त असते आणि मन पण तेव्हाच सगळ्यात खाली असतं. रडणारा पेशंट दिसला की समजूत घालायच्या आधी चार गोष्टी बघा: दुखणं, भूक, झोप, लघवी-संडास. या पेशंटचं निम्मं रडू भुकेचं असतं, हे मी खात्रीनं सांगते. दोन दिवस पोटात नीट काही नाही, वरून सुजेसाठी दिलेलं स्टेरॉईड चालू किंवा नुकतंच बंद झालेलं, त्यानं पण झोप जाते आणि मन हेलकावे खातं. मुगाचं कढण, भाताची पेज, नाचणीची आंबील, ताक, सगळं गाळून, कोमट, थोडं थोडं दर दोन तासानं. पाजताना पडदा ओढा आणि नॅपकिन हातात द्या. ओठ बधिर असल्यानं हनुवटीवरनं गळतं आणि ते कळत पण नाही, चार लोकांसमोर तसं होणं माणसाला फार लागतं. घाई करू नका, एक वाटी पेजेला अर्धा तास लागला तर लागू द्या.

आरसा. लपवू नका आणि हातात कोंबू पण नका. बाथरूममधे अचानक दिसला तर सगळ्यात वाईट, म्हणून पहिल्यांदा बाथरूमला नेताना आधी सांगा की आत आरसा आहे, बघायचं नसेल तर टॉवेल टाकते. बघायचं म्हटले तर बेडवर बसवून, तुम्ही शेजारी, आधी दोन वाक्यं: "सूज आत्ता सगळ्यात जास्त आहे. दिसतंय ते अजून तुमचं नवीन तोंड नाही, ही सूज आहे." मग गप्प. ते आरसा खाली ठेवतील तोवर तिथंच थांबा.

या वेळी "किती छान दिसतेस आता!" म्हणू नका. आत्ता ते खरं नाही आणि पेशंटला ते दिसतंय. शिवाय "आधी छान नव्हते का?" हा प्रश्न त्यातनंच उगवतो. डोळ्याला दिसतंय ते खरं सांगा: "काल डावा डोळा बारीक होता, आज उघडलाय." "काल दोन चमचे गेलं, आज वाटीभर."

"एवढं काय त्यात", "त्या बेडवरची बघ, तिचं तुझ्याहून मोठं ऑपरेशन झालंय", "आता रडून काय उपयोग, स्वतःच करून घेतलंय ना" असली वाक्यं तर तोंडातनं जाऊच देऊ नका. शेवटचं वाक्य मी एका हॉस्पिटलात प्रत्यक्ष ऐकलंय. ती मुलगी त्यानंतर डिस्चार्जपर्यंत पाटीवर एक शब्द लिहिली नाही.

पेशंटनं लिहिलं, "चूक केली का मी?" तर उत्तर द्यायची घाई नको. "असं बऱ्याच जणांना या दिवसात वाटतं. कशानं जास्त वाटतंय ते लिहा." आणि ॲडमिशनच्या संध्याकाळी त्यानं स्वतः सांगितलेलं कारण त्याला आठवून द्या, त्याच्याच शब्दात: "तुम्ही म्हणाला होता, भाकरी समोरच्या दातानं तोडायचीय." यासाठीच ते कारण लिहून ठेवायचं असतं.

## ८. बधिरपणाचं खरं सांगा

खालच्या जबड्याची शीर (स्पर्श कळवणारी नर्व्ह) हाडाच्या आतनं जाते, ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते, म्हणून खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. वरच्या जबड्याला वरचा ओठ, गाल. बहुतेकांचं हळूहळू परत येतं, आठवडे-महिने लागतात, काहींना थोडा भाग कायमचा बधिर राहतो. "महिन्यात सगळं येईल" असं वचन देऊ नका. महिना झाला, आलं नाही, की माणूस घाबरतो आणि आपल्याला फोन पण करत नाही. मधे मुंग्या, टोचल्यासारखं, करंट बसल्यासारखं वाटलं तर ते बहुतेकदा शीर जागी होत असल्याचं असतं हे पण सांगा. आणि गरम चहा ओठाला लागून भाजलेलं कळत नाही, ही सूचना आईला द्या.

## ९. घरी पाठवताना

वॉर्डात धीर धरलेला पेशंट घरी जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खचतो. कारण साधं आहे, इथं सगळ्यांना माहिती असतं, गावात प्रत्येक जण नव्यानं विचारतो. कागदावर तारखा लिहून द्या: कधी पातळ बंद, कधी मऊ सुरू, कधी रबर बदलायला यायचं, दाताच्या तारा अजून साधारण किती महिने. वजन थोडं उतरेल, बोलणं काही आठवडे जड राहील. कुणी विचारलं तर म्हणायचं एक वाक्य पेशंटबरोबर बसून ठरवा. "जबड्याचं ऑपरेशन झालंय, बोलायला अजून जड जातंय" एवढं पुरतं आणि खोटं पण नाही. वरचा जबडा केलाय त्याला नाक शिंकरायचं नाही हे परत एकदा सांगा, घरी गेल्यावर तेच पहिलं विसरतात.

घरच्यांनी त्याच दिवशी कळवायचं: खाणं-पिणं टाकलं, दोन-तीन रात्री झोप नाही, खोलीतनं बाहेरच येत नाही, "मेलेलं बरं" असं लिहिलं किंवा बोललं. अशावेळी एकटं ठेवायचं नाही. हॉस्पिटलचा नंबर द्याच, बरोबर टेलिमानस या मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ पण लिहून द्या, तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. बोलणं स्पष्ट नसेल तर घरच्यांनी लावून दिलं तरी चालतं.

## १०. हँडओव्हर आणि नंतरचा फोन

"पेशंट रडत होती, धीर दिला" अशी नोंद निरुपयोगी आहे. पुढच्या शिफ्टला यातनं काय कळणार? असं लिहा: "रात्री २ वाजता श्वास कोंडल्याची भीती, सॅच्युरेशन ९८, सक्शननंतर शांत. आरसा अजून बघितलेला नाही, उद्या बघायचा म्हणतेय. आईसमोर रडत नाही. गावाकडच्यांना सायनसचं सांगितलंय. चूक केली का असं एकदा लिहिलं, सकाळी सरांना सांगायचं."

घरी गेल्यावर दोन फोन करा, एक चौथ्या दिवशी, एक दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. पेशंटला बोलायला त्रास होतो म्हणून फोन फक्त आईशी बोलून ठेवून देऊ नका. आईशी बोलून झालं की पेशंटला मेसेज करा, तीनच प्रश्न: झोप किती तास, दिवसभरात किती वाट्या गेल्या, बाहेर कुठंपर्यंत जाऊन आलात. "कसं वाटतंय" विचारलं की सगळेच "बरं" लिहितात, या तीन प्रश्नांच्या उत्तरात खरं कळतं. दुसरा फोन रविवारी येत असेल तर तो कोण करणार ते शनिवारच्या हँडओव्हरलाच नाव घालून लिहून ठेवा.